अकरावी-बारावीचे विज्ञान: तीन विषय, तीन रीती

दहावीपर्यंत विज्ञान हा एकच विषय असतो. त्याची भाग १ आणि भाग २ अशी दोन पुस्तके असली, तरी शिकवणारे बहुधा एकच असतात आणि अभ्यासाची रीतही एकच चालते: धडा वाचायचा, व्याख्या पाठ करायच्या, स्वाध्याय सोडवायचे. अकरावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तीन स्वतंत्र विषय समोर येतात. तिन्हींचा स्वभाव वेगळा असतो, तरीही विद्यार्थी तिन्हींना दहावीचीच रीत लावत राहतो. नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना मला दर वर्षी पहिल्या चाचणीनंतर हीच गोष्ट दिसते. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर असलेली मुले भौतिकशास्त्रात निम्मे गुणही मिळवू शकत नाहीत, आणि आपण मुळात हुशार नव्हतोच असा निष्कर्ष काढून खचतात. तो निष्कर्ष चुकीचा असतो. चुकलेली असते ती रीत. ती कशी बदलावी, हे येथे विषयवार सांगतो.

पहिले पंधरा दिवस शब्दांना द्या

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण ही विषयाची नसून शब्दांची असते. वस्तुमान, त्वरण, संवेग, मूलद्रव्य, संयुग या गोष्टी त्याला चांगल्या माहीत असतात. परंतु वर्गात मास, ॲक्सिलरेशन, मोमेंटम, एलिमेंट, कंपाउंड हे शब्द कानावर पडू लागले की ओळखीची माणसे अनोळखी वेशात भेटावीत तसे होते. यावर उपाय अगदी साधा आहे. दोनशे पानी वहीचे प्रत्येक पान उभे दुमडावे, डावीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहावी, उजवीकडे दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द लिहावा आणि खाली त्याचे एकक किंवा एक उदाहरण लिहावे. दररोज प्रत्येक विषयाच्या पाच संज्ञा लिहिल्या, तर पंधरा दिवसांत दोनशेहून अधिक शब्द हाताखाली येतात, आणि पहिल्या सत्रापुरते तेवढे पुरतात.

नागपुरात मात्र या वहीला आणखी एक रकाना लागतो, तो हिंदीचा. आपल्या शहरात घरी मराठी, बर्डीच्या बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशी तिपेडी भाषा चालते, आणि मोबाइलवर पाहिली जाणारी बहुतेक व्याख्याने हिंदीत असतात. मराठी आणि हिंदीतले अनेक शास्त्रीय शब्द दिसायला सारखे असले, तरी अर्थाने वेगळे आहेत, हे मुलांना कोणी सांगत नाही. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत मात्र ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत सेलला कोशिका म्हणतात आणि पेशी हा शब्द स्नायूसाठी येतो. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द नेमका उलट्या बाजूला, अल्कलीसाठी वापरतात. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार तयार होतो’ हे दहावीत पक्के केले होते. हिंदी व्याख्यानात ‘अम्ल और क्षार मिलकर लवण बनता है’ हे ऐकल्यावर आपले दहावीचेच चुकले असावे, असे समजून ती दोन आठवडे गोंधळात होती. तिचे काहीही चुकले नव्हते. हे तीन शब्द वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवावेत.

प्रयोगशाळा कागदावर ठेवू नका

प्रवेश घेतानाच एक निर्णय करावा लागतो, आणि तो पालकांनी मुलांशी बोलून करावा. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिकणे पूर्णपणे शिकवणी वर्गात, अशी व्यवस्था सर्वत्र रुळली आहे. शिकवणीला माझा विरोध नाही. बजाजनगर, शंकरनगर, नंदनवन या भागांत मनापासून शिकवणारे पुष्कळ शिक्षक आहेत. परंतु या व्यवस्थेत सर्वांत आधी बळी जातो तो प्रयोगाच्या तासाचा. एका वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला एक अतिशय हुशार मुलगा माझ्यासमोर उभा होता. पोटॅशियम परमँगनेटचे सगळे समीकरण त्याने तोंडपाठ सांगितले आणि मग ब्युरेटची, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडणाऱ्या खुणांच्या नळीची, तोटी कोणत्या दिशेने फिरवायची, हे हळू आवाजात विचारले. दोन वर्षांत त्याच्या महाविद्यालयाने त्याला एकदाही प्रयोगशाळेत उभे केले नव्हते. त्या मुलाच्या चेहऱ्यावरची शरम मी विसरलेलो नाही, आणि ती शरम त्याची नव्हतीच.

राज्य मंडळाच्या परीक्षेत प्रत्येक विषयाला ७० गुण लेखी परीक्षेचे आणि ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. गुणांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, हाताने केलेला प्रयोग धड्यातली पाच पाने एका दमात समजावून जातो. म्हणून प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाची प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी, आठवड्यात प्रत्येक विषयाचे प्रात्यक्षिक कितीदा होते हे विचारावे, आणि शक्य असल्यास तिथल्या बारावीच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन तेच पुन्हा विचारावे.

भौतिकशास्त्र: आकृती, एकक, मग सूत्र

भौतिकशास्त्रात सूत्र पाठ असणे ही शेवटची पायरी आहे. आपल्याकडे मात्र तिला पहिली मानतात. गणित वाचल्यावर प्रथम आकृती काढावी आणि तिच्यावर दिलेल्या राशी एककांसह लिहाव्यात. नंतर काय होत आहे, हे एका वाक्यात मराठीत लिहावे आणि त्यानंतरच सूत्राकडे जावे. हे वाक्य लिहिण्याचा मुले कंटाळा करतात, पण ज्याला ते वाक्य लिहिता येत नाही त्याला गणित समजलेले नसते, एवढे निश्चित.

घरच्या कूलरचे उदाहरण घेऊ. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ओल्या ताट्यांतून आलेली हवा गार लागते, आणि जुलैत तोच कूलर लावला की अंग चिकचिकते. वाक्य असे लिहावे: पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूच्या हवेतून उष्णता घेते, म्हणून हवा थंड होते. आता राशी. साधारण ३० अंश तापमानाला १ किलो पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४ लाख ज्यूल अप्रकट उष्मा लागतो. तासाला १ लीटर पाणी उडाले, तर २४ लाखांना ३,६०० सेकंदांनी भागून सुमारे ६६७ ज्यूल प्रतिसेकंद, म्हणजे ६६७ वॉट एवढ्या दराने हवेतली उष्णता काढली जाते. तासाला ५ लीटर उडाले, तर हा दर ३,३०० वॉटच्या वर जातो. कूलरचा पंखा आणि पंप मिळून साधारण २०० वॉट वीज घेतात. मग उरलेली ऊर्जा कुठून आली, असा प्रश्न येथे पडायलाच हवा. उत्तर असे की, वीज केवळ हवा आणि पाणी हलवते. वाफ होण्यासाठी लागणारी ऊर्जा तापलेल्या हवेचीच असते. जुलैत हवेची सापेक्ष आर्द्रता आधीच जास्त असल्यामुळे वाफ होण्याचा वेग मंदावतो, आणि कूलर निव्वळ पंखा उरतो. अप्रकट उष्मा, शक्ती, आर्द्रता आणि ऊर्जेची अक्षय्यता असे चार मुद्दे या एका उदाहरणात पक्के होतात.

प्रयोगाच्या वहीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. वरच्या वर्गातल्या मुलांच्या जर्नलमधून निरीक्षणे उतरवण्याची पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे, असे कोणाला वाटत नाही. रेझोनन्स (अनुनाद) ट्यूबच्या प्रयोगात पाण्याची पातळी खाली-वर करत नादकाट्याचा आवाज जिथे सर्वांत मोठा होतो, ती हवेच्या स्तंभाची लांबी मोजतात आणि तिच्यावरून ध्वनीचा वेग काढतात. हा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो: शून्य अंशाला सुमारे ३३१ मीटर प्रतिसेकंद, आणि पुढे प्रत्येक अंशामागे सुमारे ०.६ ने अधिक. जानेवारीच्या सकाळी प्रयोगशाळेत २० अंश असतील, तर वेग ३४३ येतो. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंश असतील, तर तो ३५१ च्या वर जातो. ५१२ हर्ट्झच्या नादकाट्यासाठी पहिल्या रेझोनन्सची लांबी पहिल्या वेळी सुमारे १६.७ सेंटिमीटर आणि दुसऱ्या वेळी सुमारे १७.२ सेंटिमीटर असायला हवी. म्हणजे चार-पाच मिलिमीटरचा फरक साध्या पट्टीवर दिसतो. जानेवारीत प्रयोग करणाऱ्याने ऑक्टोबरच्या वहीतले आकडे उतरवले, तर ते परीक्षकाला ओळखता येतात. येथे आणखी एक खाच आहे. मोजलेल्या लांबीत नळीच्या व्यासाचा ०.३ पट भाग मिळवावा लागतो, कारण कंप पावणारी हवा नळीच्या तोंडाच्या किंचित वर येते. ३ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत ही दुरुस्ती विसरली, तर ३४३ च्या जागी जेमतेम ३२५ येतात, आणि विद्यार्थी नादकाट्याला दोष देत बसतो. म्हणून प्रयोग सुरू करण्यापूर्वी भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा वहीत लिहावा, नळीचा व्यास व्हर्नियरने मोजावा आणि अपेक्षित उत्तर आधी काढून ठेवावे.

रसायनशास्त्र: मोल आधी, नंतर बाकी सगळे

रसायनशास्त्र हा एक विषय नसून तीन शेजारी आहेत. भौतिक रसायन गणितासारखे सोडवावे लागते, असेंद्रिय रसायन आवर्तसारणी समोर ठेवून तुलना करत वाचावे लागते, आणि सेंद्रिय रसायन नकाशासारखे काढावे लागते. सेंद्रियसाठी भिंतीवर मोठा कागद चिकटवावा, मध्यभागी अल्कोहोल लिहावे आणि त्याच्यापासून ॲल्डिहाइड, कीटोन, आम्ल, ईथर, अल्कीन यांच्याकडे जाणारे बाण काढून प्रत्येक बाणावर अभिकारक लिहावे. नवी अभिक्रिया शिकली की नवा बाण काढावा. वर्षाच्या शेवटी सगळा पाठ त्या एका कागदावर असतो.

परंतु या सगळ्याच्या आधी मोल येतो. अकरावीच्या पहिल्या महिन्यात ज्याला मोल समजला नाही, त्याला बारावीतली द्रावणे, विद्युत रसायन आणि रासायनिक गतिकी ही प्रकरणे जड जातात. मोल ही मोजण्याची पद्धत आहे. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात एवढे कण. हे व्याख्येने नव्हे, तर टायट्रेशनने, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात मोजून सोडत अभिक्रिया पूर्ण करण्याच्या प्रयोगाने पटते.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की मनसर आणि कांद्री ही मँगनीजच्या खाणींची गावे लागतात. मँगनीजचे डायऑक्साइड पोटॅशियम हायड्रॉक्साइडसह हवेत तापवले की हिरवे मँगनेट बनते, आणि त्याचे ऑक्सिडीकरण केले की जांभळे पोटॅशियम परमँगनेट मिळते. हेच द्रावण ब्युरेटमध्ये भरलेले असते. खालच्या फ्लास्कमध्ये ०.१ मोलर (एका लीटरमध्ये ०.१ मोल) ऑक्झॅलिक आम्लाचे १० मिलिलीटर द्रावण घेतले, तर त्यात १ मिलिमोल ऑक्झॅलिक आम्ल आहे. परमँगनेटमधले मँगनीज अधिक सातवरून अधिक दोनवर येते, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेते. ऑक्झॅलिक आम्लाचा रेणू दोन देतो. म्हणून परमँगनेटचे दोन रेणू ऑक्झॅलिकच्या पाच रेणूंना पुरतात, आणि १ मिलिमोलला ०.४ मिलिमोल परमँगनेट लागते. द्रावण ०.०२ मोलर असेल, तर ब्युरेटमधून २० मिलिलीटर उतरायला हवे. फ्लास्कवर फिकट गुलाबी छटा टिकते तेव्हा वाचन २० च्या जवळ आलेले पाहिले की मोल हा डोळ्यांनी दिसलेला असतो.

या टायट्रेशनमध्ये हाताने सांभाळायच्या गोष्टी पुस्तकात एका ओळीत येतात आणि परीक्षेत त्यांच्यावरच गुण जातात. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करावे. त्याऐवजी मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) असेल तर गरम करू नये, कारण त्यातल्या फेरस आयनांचे हवेनेच ऑक्सिडीकरण होऊ लागते. आम्ल म्हणून सौम्य सल्फ्युरिकच घ्यावे. हायड्रोक्लोरिक घेतले, तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होते. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. आम्ल कमी पडले, तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो, तेव्हा वाचन टाकून देऊन नव्याने सुरुवात करावी. परमँगनेटचा रंग गडद असल्यामुळे खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरची कड वाचावी. सुरुवातीचे थेंब रंग सोडायला वेळ लावतात आणि नंतरचे चटकन रंगहीन होतात. याचे कारण असे की तयार होणारे मँगनीज आयनच अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतात. तोंडी परीक्षेत हे कारण स्वतःहून सांगणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लक्षात राहतो.

जीवशास्त्र: एक संत्रे घेऊन बसा

जीवशास्त्र पाठांतराचे आहे, असा समज आहे. त्यात नावे पुष्कळ आहेत, हे खरे. परंतु पाहिलेल्या वस्तूचे नाव पाठ करावे लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आंबिया बहाराची संत्री आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री घरोघरी असतात. एक संत्रे आडवे कापावे. मधल्या अक्षाभोवती फोडी आणि त्या अक्षाला लागलेल्या बिया दिसतात; हेच ॲक्साइल प्लॅसेंटेशन. दुसरे संत्रे सोलून एक फोड उघडावी. आपण खातो त्या रसाने भरलेल्या पिशव्या म्हणजे फळाच्या आतल्या आवरणावर वाढलेले केस आहेत. या फळाच्या प्रकाराचे नाव हेस्पेरिडियम. येथे सुरी, फोड आणि वही यांपेक्षा जास्त काही लागत नाही.

आता बी घ्यावे. ते रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी नखाने बाहेरचे पांढरे आणि आतले पातळ तपकिरी आवरण काढावे. आत हिरवट दले दिसतात. ती अलगद वेगळी केली की बऱ्याच बियांत एक नव्हे, तर दोन, तीन किंवा अधिक लहान-मोठे भ्रूण निघतात. ही बहुभ्रूणता. सूक्ष्मदर्शकासाठी प्रसिद्ध असलेल्या लेव्हेनहूक यांनी १७१९ मध्ये ती लिंबू-संत्रा वर्गातल्याच बियांत प्रथम नोंदवली, आणि बारावीच्या प्रजननाच्या धड्यात तिच्यावर हमखास प्रश्न येतो. यांतला एक भ्रूण फलनातून आलेला असतो. इतर भ्रूण न्यूसेलसच्या, म्हणजे बीजांडाच्या आतल्या ऊतीच्या, पेशींतून थेट वाढतात, म्हणून ते आईच्या झाडाची हुबेहूब प्रत असतात. काटोल-कळमेश्वरकडच्या रोपवाटिकांत जंबेरीची (लिंबाच्या एका जातीची) रोपे बियांपासून करतात आणि त्या खुंटांवर संत्र्याचा डोळा भरतात. सगळे खुंट सारख्या वाढीचे मिळतात, त्यामागे हीच बहुभ्रूणता आहे. ज्यांच्या घरी बाग आहे, अशा मुलांना मी हा भाग वर्गापुढे सांगायला लावतो, आणि ते माझ्यापेक्षा चांगला सांगतात.

आकृतीबाबत एक कडक नियम पाळावा: पुस्तक बंद करून काढलेली आकृतीच आकृती समजावी. पेन्सिलीने, छटा न देता, नावांच्या रेषा एकमेकींना न छेदता आणि शक्यतो एकाच बाजूला काढावी.

आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेलचे उदाहरण येते, आणि विदर्भात ते पुस्तकापुरते राहत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्याशा बदलाने कमी ऑक्सिजनमध्ये तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाच्या वेळी आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के असते. ‘चार मुलांपैकी एकाला होतो’ असे उत्तरात लिहिणे चूक आहे. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. वर्गात कोणाच्या ना कोणाच्या घरी हा आजार असू शकतो, हे लक्षात ठेवून शिक्षकांनी आणि मुलांनी जपून बोलावे. वाहक असणे हा आजार नव्हे, हे स्पष्ट सांगावे. २०२३ मध्ये या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून, रक्ताची साधी तपासणी करून घ्यायला मुलांना उत्तेजन द्यावे.

परीक्षा आणि वेळापत्रक

मंडळाची परीक्षा, सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) आणि नीट (वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) या तीन वेगळ्या कसोट्या आहेत. मंडळाच्या ७० गुणांच्या लेखी परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न १० गुणांचे असतात. उरलेले सगळे लिहायचे असते, त्यामुळे तिथे पायऱ्या, एकके आणि आकृत्यांना गुण मिळतात. सीईटीत सध्या भौतिक आणि रसायनाचे प्रत्येकी ५० आणि जीवशास्त्राचे १०० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो, म्हणून तिथे अंदाजाने खूण करणे महागात पडते. नीटसाठी एनसीईआरटीचे जीवशास्त्र ओळ न ओळ वाचावे, परंतु मंडळाचे पुस्तक सोडून देऊ नये. ज्या वर्षी परीक्षा द्यायची, त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रक स्वतः वाचावे, कारण हे नियम बदलत असतात.

सुट्टीच्या एखाद्या दिवशी गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात जावे. ज्यांच्या नावाने ते आहे ते सर चंद्रशेखर वेंकट रामन वित्तखात्यात अधिकारी असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात होते, आणि संशोधन त्यांनी नोकरी सांभाळून केले.

डिसेंबरपासून आठवड्यातून एक प्रश्नपत्रिका पूर्ण तीन तास बसून लिहावी आणि दुसऱ्या दिवशी आदर्श उत्तरांशी ताडून स्वतः लाल शाईने तपासावी. चुकलेल्या प्रत्येक गणितासमोर चूक कशाची होती, ते एका शब्दात लिहावे: आकृती, एकक, सूत्र किंवा घाई. चार आठवड्यांत कोणता शब्द सर्वांत जास्त वेळा आला, ते दिसते आणि पुढच्या महिन्याचा अभ्यास त्यावरून ठरतो. नीट देणाऱ्यांनी एप्रिलमध्ये हा सराव दुपारी २ ते ५ या वेळेतच करावा. परीक्षा सध्या मे महिन्यात त्याच वेळी होते, आणि नागपुरात त्या वेळी जेवणानंतरची झोप आणि उन्हाची गुंगी एकदमच येते. म्हणून जेवण १२ च्या आत उरकावे, माठातले पाणी शेजारी ठेवावे आणि पहिला तास जीवशास्त्राला द्यावा.